अपग्रेड केलं, तरी चार महिन्यांत पुन्हा ‘एक्स्टेंडेड सपोर्ट’चं बिल: असं का होतं आणि त्यावर काय करायचं

२०२४ चे गणपती नुकतेच बसले होते आणि अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. “सर, क्लाउडचं बिल ऑगस्टला एकदम सव्वादोन हजार डॉलरनी वाढलंय. काही नवीन घेतलंत का तुम्ही?”

नवीन काहीच घेतलं नव्हतं. अॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये, ईकेएसचे (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या यंत्रणेची अॅमेझॉनने चालवलेली सेवा) सहा क्लस्टर, म्हणजे मशीनचे सहा समूह होते, ते सहाच होते. नोड (क्लस्टरमधली मशीन) तेवढेच, डिस्क तेवढ्याच, ट्रॅफिकही रोजचंच. बिल उलगडत खाली गेलो तेव्हा ईकेएसच्या खात्यात ‘एक्स्टेंडेड सपोर्ट’ हे शब्द असलेली एक ओळ दिसली. ती आधी कधी नव्हती. खरं तर जुलैच्या बिलातही होती, पण तिथे आठवडाभराचाच आकार असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. कंट्रोल प्लेनचा, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या मध्यवर्ती भागाचा, दर ताशी ०.१० डॉलर असतो, तो ०.६० झाला होता. ऑगस्टचे ३१ दिवस म्हणजे ७४४ तास. एका क्लस्टरमागे ३७२ डॉलर जास्त, सहांचे २२३२. हिशेब सेंटाला सेंट जुळला.

आमचे सगळे क्लस्टर कुबरनेटिसच्या १.२७ व्हर्जनवर होते आणि ईकेएसवर १.२७ चा नेहमीचा सपोर्ट २४ जुलै २०२४ ला संपला होता. मग काय, विसर्जनानंतरचा शनिवार-रविवार गाठून सगळे १.२८ वर नेले. बिल खाली आलं. मॅडम खूश, आम्ही खूश. डिसेंबरचं बिल आलं आणि ये रे माझ्या मागल्या. १.२८ ची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपली होती. जानेवारीत १.२९ वर गेलो. ते २३ मार्च २०२५ ला संपलं. एप्रिलमध्ये मॅडमनी फोन केला नाही, थेट टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मी बसून नीट शोध घेतला. बाकीच्या टीमशी बोलताना लक्षात आलं की हा घोळ आमच्याकडेच नाही, बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून लिहून ठेवतोय. यात चूक आमचीच होती. धोरण उघड होतं, आम्ही ते वाचलं नव्हतं.

मूळ दुखणं: मुदत व्हर्जनची असते, तुमच्या क्लस्टरची नाही

आमचा समज असा होता की अपग्रेड केलं म्हणजे गाडीच्या विम्यासारखं झालं, आजपासून पुढे वर्षभर चिंता नाही. तसं नसतं. व्हर्जनची मुदत ते व्हर्जन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही त्यावर आज गेलात की वर्षापूर्वी, याच्याशी तिचा काही संबंध नाही. हे म्हणजे दुकानातून आज आणलेल्या दुधाच्या पिशवीवर कालची तारीख असण्यासारखं आहे.

कुबरनेटिसची वर्षाला तीन मायनर व्हर्जन (१.२७, १.२८ अशी) येतात. २०२१ च्या आधी चार यायची. मूळ प्रकल्प प्रत्येक व्हर्जनला साधारण १४ महिने सांभाळतो, त्यातले शेवटचे दोन महिने फक्त अत्यावश्यक दुरुस्त्यांचे. ईकेएसही १४ महिनेच देतं, पण मोजणी ते व्हर्जन ईकेएसवर उपलब्ध झालं त्या दिवसापासून होते. त्यानंतर १२ महिने एक्स्टेंडेड सपोर्ट, सहापट दराने. एकूण २६ महिने. ही जादा आकारणी १ एप्रिल २०२४ पासून सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या आळसाची किंमत आम्हाला कधी कळलीच नव्हती.

आता गणित करा. दर चार महिन्यांनी एक व्हर्जन येतं, म्हणजे दर चार महिन्यांनी एक संपतं. तुमचं व्हर्जन आज संपतंय आणि तुम्ही एकच पायरी चढलात, तर पुढचं व्हर्जन आधीच दहा महिन्यांचं झालेलं असतं. पदरात पडतात चार महिने. दोन पायऱ्या चढलात तर आठ, तीन चढलात तर बारा. आम्ही प्रत्येक वेळी एकेकच पायरी चढत होतो, कारण तेवढ्याने बिल थांबत होतं. आणि तीही प्रत्येक वेळी मुदत उलटून गेल्यावर, दीड-दोन महिने उशिरा. म्हणजे चारातले उरत होते दोन-अडीच महिने. बिल परत परत येण्याचं कारण हे, इतकं साधं.

तुमच्याकडेही हाच प्रकार आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. गेल्या दीड वर्षाची बिलं काढा, कंट्रोल प्लेनचा खर्च महिनावार मांडा. तो सलग चढलेला असेल तर तुम्ही अपग्रेड केलंच नाही, एवढाच अर्थ. करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत असेल तर तुम्ही आमच्याच पंगतीत आहात.

मेल कुठे जात होता?

असं कसं, कुणी कळवलं नाही का, हा पहिला प्रश्न आमच्या डायरेक्टरसाहेबांनी विचारला. कळवलं होतं. मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी हेल्थ डॅशबोर्डवर सूचना लागते आणि खात्याच्या मेलवरही येते. आमच्या खात्याचा मूळ मेल ज्याच्या नावाने होता तो गृहस्थ दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. त्याचा मेलबॉक्स कुणीतरी कुठेतरी वळवून ठेवला होता आणि त्यात साडेचार हजार न वाचलेले मेल होते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन्स’साठी पर्यायी संपर्क देता येतो. तिथे एखाद्या माणसाचा नाही, टीमचा ग्रुप मेल घाला. आणि तारीख मेलच्या भरवशावर न सोडता आजच कॅलेंडरमध्ये टाका. व्हर्जन ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी त्याची शेवटची तारीख माहीत असते, मेलची वाट कशाला बघायची?

अपग्रेड करायचं ठरलं, पण नेमकं काय अपग्रेड करायचं?

इथे बरेच जण फसतात. कन्सोलमध्ये क्लस्टरपुढे नवा आकडा दिसला की काम झालं असं वाटतं. त्या आकड्याने बिल थांबतं हे खरं, पण बदललेलं असतं फक्त कंट्रोल प्लेन. नोड जुनेच. कोअरडीएनएस, क्यूब-प्रॉक्सी, सीएनआय हे क्लस्टरचं आतलं नेटवर्क चालवणारे अॅड-ऑनही जुनेच. क्लस्टर ऑटोस्केलर (गरजेप्रमाणे नोड वाढवणारा-कमी करणारा) आपण स्वतः लावलेला असतो आणि तो क्लस्टरच्या मायनर व्हर्जनशी जुळता ठेवायचा असतो, तो तर सगळेच विसरतात.

कुबरनेटिसच्या कमांडलाइनवर ‘कुबेक्टल गेट नोड्स’ करा आणि व्हर्जनचा रकाना बघा. आमच्याकडे एप्रिल २०२५ मध्ये कंट्रोल प्लेन १.२९ आणि एका क्लस्टरमधले चार नोड चक्क १.२६ वर होते. नियम असा की नोडवरचा क्यूबलेट (तिथे चालणारा कुबरनेटिसचा हस्तक) एपीआय सर्व्हरच्या (कंट्रोल प्लेनमधला, सगळ्या विनंत्या घेणारा भाग) पुढे कधीच असता कामा नये, आणि मागे असला तर जास्तीत जास्त तीन मायनर व्हर्जन. ही तीनची सवलतही १.२८ पासूनची, आधी दोनच होती. म्हणजे ते चार नोड अगदी कड्यावर उभे होते. कंट्रोल प्लेन आणखी एक पायरी चढवलं असतं तर ते नियमाबाहेर गेले असते. म्हणून दोन-तीन पायऱ्या एकदम चढायच्या असतील तर आधी नोड कंट्रोल प्लेनच्या बरोबरीला आणा, मग वर चढा. कंट्रोल प्लेन एका वेळी एकच मायनर व्हर्जन पुढे जातं, उडी मारता येत नाही. आणि पुढे गेलेलं मागे आणता येईल हे गृहीत धरून कधीच सुरुवात करू नका.

आणखी एक किरकोळ अडथळा, पण रात्री दोन वाजता तो किरकोळ वाटत नाही: ईकेएसला अपग्रेडच्या वेळी तुमच्या सबनेटमध्ये पाचपर्यंत मोकळे आयपी लागतात. सबनेट पॉडनी (पॉड म्हणजे क्लस्टरमध्ये चालणारं कंटेनरचं एकक) भरलेले असतील तर अपग्रेड सुरूच होत नाही.

जुन्या एपीआयची भीती, आणि तिच्यातली खरी अडचण

एकेकच पायरी का चढत होतो, याचं दुसरं कारण भीती. टीममधल्या जुन्या लोकांनी जुने एपीआय (कुबरनेटिसकडे वस्तू मागायची ठरलेली पद्धत) काढून टाकणारी १.१६, १.२२ आणि १.२५ भोगलेली. १.२२ मध्ये इन्ग्रेसचे (बाहेरची ट्रॅफिक आत आणणाऱ्या नियमांचे) बीटा एपीआय गेले आणि अर्ध्या जगाच्या यामल (सेटिंगच्या) फायली एका दिवसात शिळ्या झाल्या. १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी मुळासकट गेली, शिवाय क्रॉनजॉब आणि पीडीबी (पॉड डिसरप्शन बजेट, एका वेळी किती पॉड हलवता येतील याची मर्यादा) यांचे बीटा एपीआयही. त्यामुळे ‘एकदम दोन पायऱ्या’ म्हटलं की मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

पण १.२५ नंतरची यादी काढून बघा. १.२६ मध्ये एचपीएचा (पॉडची संख्या आपोआप कमी-जास्त करणाऱ्याचा) एक बीटा गेला. १.२७ मध्ये स्टोरेजमधला एक, जो सहसा कुणी हाताने लिहीत नाही. १.२६, १.२९ आणि १.३२ मध्ये फ्लो-कंट्रोलचे, तेही बहुतेकांच्या फायलींत नसतातच. १.२८, १.३० आणि १.३१ मध्ये काढून टाकलेला एपीआय एकही नाही. हे डोंगर दुरूनच अवघड दिसत होते.

तरीही तपासणी करावीच लागते आणि त्यात एक फसगत आहे. आमच्यातल्या एका पोराने ‘कुबेक्टल गेट पीडीबी’ यामलमध्ये काढलं, वर ‘पॉलिसी/व्ही१’ बघितलं आणि म्हणाला, “सर, सगळं नवीनच आहे.” मी म्हटलं, “अरे, हे तुला एपीआय सर्व्हरने भाषांतर करून दिलंय.” सर्व्हर तुमची वस्तू स्वतःच्या पसंतीच्या व्हर्जनमध्ये दाखवतो, तुम्ही ती कोणत्या व्हर्जनमध्ये पाठवली होती ते तिथे वर दिसत नाही. ते बघायचं असेल तर ‘मॅनेज्ड फील्ड्स’ उघडून बघा, त्यात कुणी कोणत्या एपीआयने हात लावला याची नोंद असते. त्याहून बरं म्हणजे एपीआय सर्व्हरच्या मेट्रिक्समध्ये ‘एपीआयसर्व्हर रिक्वेस्टेड डिप्रिकेटेड एपीआयज’ नावाचा आकडा असतो. जुन्या एपीआयवर अजून कुणी विचारणा करतंय का, ते तिथे कळतं. ईकेएसच्या ‘अपग्रेड इनसाइट्स’मध्येही हेच दिसतं, पण ते मागच्या ३० दिवसांच्या ऑडिट लॉगवर चालतं. त्यामुळे आज दुरुस्ती केली तरी इशारा महिनाभर तसाच राहू शकतो. आम्ही दोन दिवस ‘अजून लाल का दिसतंय’ म्हणून डोकं फोडत होतो. शेवटची विचारणा कोणत्या तारखेला झाली ते आत लिहिलेलं असतं, ते वाचा म्हणजे आमच्यासारखं होणार नाही.

आता खरी अडचण, जिने आमचा एक अख्खा रविवार खाल्ला.

क्लस्टर १.२९ वर नीट गेला. पॉड हिरवे. दुपारी एक साधा इमेज टॅग बदलायला हेल्म (तयार चार्टवरून सर्व्हिस क्लस्टरवर लावणारं साधन) वापरून अपग्रेड चालवलं, तर उत्तर आलं की सध्याच्या रिलीजच्या मॅनिफेस्टवरून (काय काय लावलं त्याच्या यादीवरून) वस्तू बांधता येत नाहीत, ‘पॉलिसी/व्ही१बीटा१’ मध्ये पॉड डिसरप्शन बजेट नावाचा प्रकार सापडत नाही. चार्ट उघडला. चार्टमध्ये तर ‘पॉलिसी/व्ही१’च होतं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. गिटमध्ये शोधलं, व्ही१बीटा१ कुठेच नाही. मग हे भूत कुठे बसलंय?

ते बसलं होतं हेल्मच्या वहीत. हेल्म प्रत्येक रिलीजचं त्या वेळचं मॅनिफेस्ट क्लस्टरमध्येच एका सीक्रेटमध्ये जपून ठेवतं आणि नवं अपग्रेड करताना आधीच्याशी ताडून बघतं. ही सर्व्हिस दीड-दोन वर्षं कुणी डिप्लॉयच केली नव्हती. क्लस्टर १.२५ ओलांडून गेला तेव्हा धावत्या पॉडना काहीच झालं नाही, पण हेल्मच्या वहीतलं शेवटचं पान व्ही१बीटा१ चंच राहिलं. म्हणजे दोष १.२९ चा नाही, १.२५ चा. नुसता उशिरा उघडकीला आला. याला हेल्मचा ‘मॅपक्यूबएपीआयज’ प्लगिन आहे. तो त्या सीक्रेटमधले जुने एपीआय नव्यांनी बदलून देतो. आधी त्याची कोरडी चाचणी घ्या, काय बदलणार ते बघा, मग खरं चालवा. रिलीज उडवून नव्याने लावायचा मोह होतो, पण स्टेटफुल (स्वतःचा डेटा साठवणारी) सर्व्हिस असेल तर त्याच्या नादी लागू नका.

त्या दिवसापासून आम्ही अपग्रेडच्या आधी, कधीही न हललेल्या रिलीजची यादी काढतो. हेल्म लिस्टमध्ये शेवटच्या बदलाची तारीख असते, वर्षापेक्षा जुनी जी जी दिसेल तिच्यावर आधी प्लगिन चालवायचं. धोका रोज डिप्लॉय होणाऱ्या सर्व्हिसमध्ये नसतो, कोपऱ्यात शांत पडलेल्या सर्व्हिसमध्ये असतो.

नोड रिकामा होत नाही

हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. नोड ग्रुपचं अपग्रेड सुरू होतं, नवा नोड येतो, जुन्यावरचे पॉड हलायला लागतात आणि एक पॉड हटूनच बसतो. ईकेएसचा मॅनेज्ड नोड ग्रुप १५ मिनिटं वाट बघतो आणि ‘पॉड एव्हिक्शन फेल्युअर’ म्हणून सोडून देतो. जीकेई (गूगलची अशीच सेवा) पीडीबीचा मान एक तास राखतं, मग जबरदस्तीने हलवतं.

‘कुबेक्टल गेट पीडीबी’ सगळ्या नेमस्पेससाठी (क्लस्टरमधल्या कप्प्यांसाठी) चालवा आणि ‘अलाऊड डिसरप्शन्स’चा रकाना बघा. जिथे शून्य, तिथे गाठ. दहातल्या नऊ वेळा रेप्लिका (पॉडच्या प्रती) एक आणि किमान उपलब्धही एक, असं लिहिलेलं सापडतं. कुणीतरी चांगल्या हेतूने लिहिलं की ‘एक तरी पॉड कायम हवा’, आणि त्यामुळे तो एकुलता एक पॉड कधीच हलू शकत नाही. रेप्लिका दोन करा, अपग्रेड पार पडू द्या. दुसरा प्रकार असा की पॉड आधीच क्रॅशलूपमध्ये मेलेला असतो, तरी पीडीबी त्याला हलू देत नाही. त्यासाठी पीडीबीमध्ये आजारी पॉड खुशाल हलवा असं सांगणारी ‘अनहेल्दी पॉड एव्हिक्शन पॉलिसी’ आहे, ती ‘ऑलवेज अलाऊ’ करा. १.३१ पासून ती पक्की झाली आहे.

फोर्सचा (पीडीबी न जुमानता पॉड हलवण्याचा) पर्याय असतो. आम्ही एकदा वापरला. रांगेतले मेसेज हरवले, क्लायंटने ते आमच्या आधी शोधले. पुन्हा वापरला नाही.

१.३३ वर जाताना: इथे आकडा नाही, जमीनच बदलते

एप्रिल २०२५ च्या त्या भेटीनंतर आम्ही १.२९ वरून दोन पायऱ्या चढून १.३१ वर गेलो. १.३१ ची मुदत होती २६ नोव्हेंबर २०२५. आठ महिन्यांच्या गणिताप्रमाणे पुढचा मुहूर्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत होता, पण आमचा मोठा क्लायंट ऑनलाइन विक्रीतला. दसरा ते दिवाळी कुणालाही कशालाही हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ते जुलैतच उरकायचं ठरलं, १.३२ वरून पुढे १.३३ पर्यंत.

१.३२ हे ईकेएसचं शेवटचं व्हर्जन, ज्याच्यासाठी अॅमेझॉन लिनक्स २ च्या तयार नोड इमेज निघाल्या. १.३३ पासून अॅमेझॉन लिनक्स २०२३ किंवा बॉटलरॉकेट. तारखांच्या तक्त्यात हे दिसत नाही, म्हणून वेगळं सांगतोय. नोड सुरू करताना जे बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट आपण वर्षानुवर्षं कॉपी करत आलो ते २०२३ वर नाही. तिथे ‘नोडअॅडम’ आहे आणि त्याला वेगळ्या पद्धतीने माहिती द्यावी लागते. पॉड नोडच्या मेटाडेटावरून परवानग्या उचलत असतील तर तेही बंद पडू शकतं, कारण मेटाडेटाची विनंती एकाच टप्प्यापुरती जाते आणि पॉड दुसऱ्या टप्प्यावर असतो. यावर टप्पे वाढवणं हा जुगाड झाला. सर्व्हिस अकाउंटला स्वतःचा आयएएम रोल (परवानग्यांचा संच) देणं हा इलाज.

पण आमची विकेट काढली ती जावाने. स्टेजिंगवर नवे नोड आले आणि रिपोर्ट बनवणारी एक जुनी सर्व्हिस दर वीस मिनिटांनी मरायला लागली. एक्झिट कोड १३७, कारण ‘ओओएम किल्ड’ (मेमरी संपली म्हणून मारलं). कोड बदलला नव्हता, मेमरीची मर्यादा तीच २ जीबी. लिनक्स २०२३ मध्ये सीग्रुपची (कंटेनरला मेमरीची मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेची) दुसरी आवृत्ती आहे. आमच्या इमेजमध्ये जावा ८ चं जुनं अपडेट होतं, त्याला सीग्रुपची पहिली आवृत्तीच वाचता येत होती. कंटेनरची मर्यादा दिसेना, म्हणून त्याने अख्ख्या नोडची ३२ जीबी मेमरी आपलीच समजली आणि सवयीप्रमाणे तिचा चौथा भाग, म्हणजे ८ जीबी, हीपसाठी (जावाच्या कामाच्या मेमरीसाठी) मनात धरला. २ जीबीच्या खोलीत ८ जीबीचा संसार.

जावा ८ असेल तर ३७२ किंवा त्यापुढचं अपडेट, ११ असेल तर ११.०.१६ किंवा पुढचं, आणि १५ पासून पुढे सगळीच ठीक. ताबडतोब इमेज बदलता येत नसेल तर हीपचा कमाल आकडा हाताने लिहून द्या, तेवढ्यावर निभावतं. अपग्रेडच्या आधी प्रत्येक जावा इमेजमध्ये शिरून व्हर्जन विचारून घ्या. आमच्या ४० सर्व्हिसमध्ये अशा सात निघाल्या.

काहीच केलं नाही तर?

ईकेएसमध्ये क्लस्टरच्या अपग्रेड धोरणात दोनच पर्याय आहेत, स्टँडर्ड किंवा एक्स्टेंडेड, आणि काही न सांगता क्लस्टर बनवला तर एक्स्टेंडेड. एक्स्टेंडेडमध्ये २६ महिने संपले की कंट्रोल प्लेन आपोआप वर जातं. स्टँडर्ड ठेवलं तर १४ महिन्यांनीच जातं, जादा बिल येत नाही. मात्र नोड दोन्हीकडे तुमचेच, ते मागेच राहतात. आणि एकदा क्लस्टर एक्स्टेंडेडच्या काळात शिरला की स्टँडर्डवर परत येता येत नाही, आधी अपग्रेड करावंच लागतं. मी डेव्ह आणि स्टेजिंगचे क्लस्टर स्टँडर्डवर ठेवले आहेत आणि प्रॉडक्शन एक्स्टेंडेडवर. डेव्ह आपोआप हलला तर आरडाओरडा होतो आणि तो वेळेवर होतो. प्रॉडक्शनमध्ये मात्र महिनाभराचं जादा बिल परवडतं, नको त्या वेळी झालेलं आपोआप अपग्रेड परवडत नाही.

आपोआप अपग्रेड झालंच, तर टेराफॉर्मच्या (क्लाउडची मांडणी फायलीत लिहून ठेवणाऱ्या साधनाच्या) फायलीत जुना आकडा तसाच असतो. पुढच्या वेळी प्लॅनमध्ये क्लस्टर ‘मागे’ नेण्याची ओळ दिसते. घाईत अप्लाय दाबू नका, आधी फायलीतला आकडा सुधारा.

जीकेईवाल्यांचं दुखणं उलटं असतं, तिथे आपोआप होणं हाच नियम. रिलीज चॅनेल निवडायचं, देखभालीच्या वेळा आणि बंदीचे दिवस आधी नोंदवून ठेवायचे. एक्स्टेंडेड चॅनेलवर २४ महिन्यांपर्यंत मुदत मिळते. एकेएसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) ताजं आणि त्याआधीची दोन अशी तीन मायनर व्हर्जन सपोर्टमध्ये असतात, आणि दीर्घ मुदतीचा सपोर्ट हवा असेल तर प्रीमियम टियर घ्यावा लागतो. चार महिन्यांचं गणित मात्र तिन्हीकडे तेच, कारण व्हर्जन काढणारा मूळ प्रकल्प एकच.

आम्ही आता कुठे आहोत

एकदम तीन पायऱ्या चढून बारा महिने मिळवावेत असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. तेव्हा सगळ्यात नवं व्हर्जन जेमतेम दोन महिन्यांचं असतं, बाहेरच्या कंट्रोलरांनी अजून त्याची चाचणी घेतलेली नसते. दोन पायऱ्या, आठ महिने, आणि सणांप्रमाणे मागे-पुढे, हे आमच्या अंगवळणी पडलंय. १.३३ च्या वेळी सणांमुळे अपवाद करावा लागला. ते तेव्हा दीड-दोन महिन्यांचंच होतं, म्हणून स्टेजिंगवर तीन आठवडे घासलं. त्याची नेहमीची मुदत २९ जुलै २०२६, कॅलेंडरमध्ये तीन नोंदी आहेत: ९० दिवस आधी, ४५ दिवस आधी आणि त्या दिवशी. तिन्हींवर अकाउंट्सच्या मॅडमनाही ठेवलंय. ही सूचना त्यांचीच होती.

आता यादीत पुढचं काम आहे इन्ग्रेस एनजिनएक्सचं. मार्च २०२६ पर्यंतच देखभाल होईल, असं त्या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. क्लस्टरचं व्हर्जन कितीही ताजं असलं तरी त्याच्या दारात बसलेला हा कंट्रोलर मुदतबाह्य असू शकतो, आणि त्याच्यासाठी कुठल्याही क्लाउडचं जादा बिल येत नाही, म्हणजे फोन करायलाही कुणी नाही. आमच्या सहापैकी चार क्लस्टरमध्ये तो आहे. तुमच्याकडे आहे का, हे बघायला सगळ्या नेमस्पेसमधले पॉड काढून ‘इन्ग्रेस-एनजिनएक्स’ लेबल शोधा.